लाइट आले, फोन नाही आले

आमच्या ऑफिसात मी फोनवाला आहे. नेमणूकपत्रावर तसं लिहिलेलं नाही. तिथे 'प्रशासन' असा ऐसपैस शब्द आहे, ज्यात चहापत्तीपासून अग्निशमनापर्यंत काहीही मावतं. पण चार वर्षांपूर्वी एका बेसावध क्षणी मी रिसेप्शनवरच्या मॅडमच्या फोनची मागची वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली, आणि फोन चालू झाला. बघणारे पाच जण होते. लग्नाची नोंदणी तीन साक्षीदारांत होते. इथे तर दोन जास्तच. तेव्हापासून कर्वे रस्त्यालगतच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बावीस फोनांचं बाळंतपण माझ्याकडे आहे.

फोन आयपी आहेत. म्हणजे दिसायला फोन, पण आतून छोटे कॉम्प्युटर. जुन्या फोनला फक्त वाजायचं माहीत होतं. याला आधी विचार करावा लागतो, आणि विचार करणाऱ्याचं होतं तेच याचंही होतं: वेळेवर वाजत नाही.

जुना काळा फोन आठवतो का? लाइट गेले तरी तो चालायचा. घरात मेणबत्ती सापडत नसायची, आगपेटी ओली निघायची, आणि त्या मिट्ट काळोखात फोन मात्र ठणठणीत. कारण त्याची वीज घरातली नव्हतीच. टेलिफोन एक्स्चेंजात बॅटऱ्यांची भलीमोठी रांग असायची आणि तिथून तांब्याच्या दोन तारांमधून साधारण ४८ व्होल्ट घरपोच यायचे. आमच्या वाड्यात असा एकच फोन होता, मालकांकडे. उरलेल्या अकरा बिऱ्हाडांच्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर, रेशनकार्डाच्या मागे तोच नंबर, आणि पुढे कंसात पी. पी. फोन आला की मालकीणबाई गॅलरीतून हाक मारायच्या. ती हाक ज्याच्या नावाची, तो हातातलं ताट सोडून धावायचा, आणि बाकीची अकरा घरं कान देऊन बसायची. मालकांचं एक बारकं वहीखातं होतं. जाणाऱ्या फोनचे पैसे त्यात लागायचे. येणारा फुकट, पण मालकीणबाईंना मजकूर कळला पाहिजे, ही अट.

गंमत म्हणजे आमच्या आयपी फोनलाही वीज वायरीतूनच येते, आणि तीही ४८ व्होल्टच्याच आसपास. नेटवर्कच्या केबलमधून वीज कशी पाठवायची, याचा रीतसर नियम २००३ साली झाला: एका पोर्टमागे १५.४ वॉटपर्यंत. म्हणजे सव्वाशे वर्षं फिरून आपण त्याच जागी आलो. फरक इतकाच, की तेव्हाचं एक्स्चेंज सरकारच्या दगडी इमारतीत होतं आणि आताचं आमच्या पॅन्ट्रीत, माठाशेजारी, एका जाळीच्या कपाटात आहे. त्या कपाटाखाली यूपीएस आहे. त्याच्या बॅटऱ्या इतक्या जुन्या झाल्यात, की लाइट गेल्यावर तो अकरा मिनिटं तग धरतो आणि त्यातली नऊ मिनिटं नुसता ओरडतो.

पुण्यात गुरुवारला वजन आहे. तो दत्ताचा वार, पाणी न येण्याचा वार, आणि देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. अशाच एका गुरुवारी लाइट सकाळी दहाला गेले. आम्ही खिडक्या उघडल्या, मोबाइलवर कामं केली, काहींनी उपासाची खिचडी सावकाश खाल्ली. तीन चाळीसला ट्यूबलाइट लुकलुकल्या, पंखे फिरले, कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली. लाइट आले. फोन नाही आले.

मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. मी कपाट उघडून बघितलं आणि म्हणालो, "सर, स्विचचा प्रॉब्लेम दिसतोय."

साहेबांनी भिंतीवरच्या बटणांकडे बघितलं. "मग इलेक्ट्रिशियनला बोलवा."

हा विनोद नाही. गेल्या पावसाळ्यात मी नेमकं हेच वाक्य बोललो होतो आणि खरोखरच इलेक्ट्रिशियन आला होता. त्यानं तीन बटणं बदलली, एक होल्डर घट्ट केला आणि साडेचारशे रुपये घेऊन गेला. फोन संध्याकाळी आपोआप आले. व्हाउचरवर 'स्विच दुरुस्ती' असं लिहिलं गेलं, आणि हिशेबाच्या दृष्टीनं ते अचूकच होतं. यात साहेबांचा दोष नाही. वायरींच्या त्या डब्याला स्विच म्हणायचं ज्यानं ठरवलं, त्याच्या घरी बटणाला काय म्हणत असतील कोण जाणे.

या वेळी मी साहेबांना खोलात नेलं. लाइट आल्यावर प्रत्येक यंत्र आपापल्या चालीनं जागं होतं. आधी स्विच डोळे उघडतो आणि सगळ्या फोनांना वीज सोडतो. फोन मिनिटा-दोन मिनिटांत तोंड धुऊन तयार. पण त्यांना पत्ता वाटणारी आणि बाहेरचं दार उघडणारी जी फायरवॉल, ती मोठ्या हुद्द्याची. ती आधी स्वतःची तपासणी करते, मग नियमावली वाचते, मग इंटरनेट आलंय का बघते. आमची सात मिनिटं घेते. म्हणजे वऱ्हाड पहाटे सहाला कार्यालयात हजर आणि किल्ली असलेला माणूस साडेआठला येणार.

"वऱ्हाडानं थांबायला काय होतंय?" साहेबांनी विचारलं.

थांबतं ना. पण वऱ्हाडच ते. फोन जागा झाला की हाक मारतो: पत्ता देणारं कुणी आहे का? कुणी उत्तर दिलं की विचारतो: हा घेऊ का? पलीकडून होकार आला की संसार सुरू. पण उत्तरच आलं नाही, तर तो थोडा थांबून पुन्हा हाक मारतो, मग जास्त थांबून, मग त्याहून जास्त. काही फोन शेवटी कंटाळून स्वतःच स्वतःला पत्ता देतात, १६९.२५४ नं सुरू होणारा. खोली मिळाली नाही म्हणून फुटपाथवर पथारी टाकायची आणि उशाशी 'बंगला नं. १' अशी पाटी लावायची, त्यातला हा प्रकार. त्या पत्त्यावर पत्रं येत नाहीत. पण फोनच्या मनाला बरं वाटतं.

त्यात स्विचचाही एक जुना स्वभाव आहे. वायर लागली की तो लगेच बोलू देत नाही. पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि मगच दार उघडतो. ऐकणं, शिकणं आणि मग बोलणं, हा क्रम आमच्या अख्ख्या ऑफिसात त्या एका डब्यालाच जमलाय. ही पद्धत रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली शोधली. वायरींचं चुकून कडं झालं तर एकच निरोप त्यात अफवेसारखा गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क झोपतं, ते टळावं म्हणून. बाईंनी त्यावर एक कविता केली आणि ती थेट शोधनिबंधाच्या सुरुवातीला टाकली. आपल्याकडे त्या जागी मार्गदर्शकांचे आभार असतात. स्विचला समजावून सांगता येतं, की बाबा, या पोर्टवर साधा फोन आहे, याच्यासाठी अर्धं मिनिट थांबू नकोस. आमच्या स्विचला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. मला तोवर फक्त फुंकर माहीत होती.

एव्हाना मॅडमनी हाक मारली. "अहो, माझ्या फोनवर तारीख बघा."

पडद्यावर होतं: १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०.

मॅडमचा जन्म १९८८ चा. त्यांना त्या फोनला हात लावायची भीती वाटायला लागली. कारण साधं आहे. या फोनांना स्वतःचं घड्याळ असं नसतंच, ते वेळ नेटवर्कवरून विचारून घेतात. सांगणारं कुणी नसलं की कालगणनेच्या आरंभाला जाऊन बसतात, आणि युनिक्स घराण्यातल्या यंत्रांचा आरंभ म्हणजे १९७० च्या पहिल्या दिवसाची मध्यरात्र, ग्रिनिचच्या वेळेची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. इथवर ठीक होतं. पण आमचे फोन सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी गुप्त भाषेत बोलतात आणि त्याआधी त्याचं प्रमाणपत्र तपासतात. प्रमाणपत्र अलीकडचं. १९७० मध्ये बसलेल्या फोनला ते पन्नासएक वर्षांनी मिळणार असलेलं दिसतं. तो म्हणतो, या कागदाचा अजून जन्मच झालेला नाही, आणि दार लावून घेतो. कायद्यानं त्याचं बरोबर आहे. सरकारी कचेरीत अशा माणसाला बढती मिळते.

अकाउंट्सचे काका तेवढ्यात रेनकोट घालत बाहेर निघाले होते. ते पडद्यात डोकावून म्हणाले, "त्या दिवशी मी तिसरीत होतो. या वेळेला झोपलेलो होतो." आणि बँकेत गेले. काकांबद्दल एक सांगायचं राहिलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी ते रोज येतात. आणि जागा सोडताना, मग घरी जायचं असो की बँकेत, पंखा, ट्यूब आणि फोन, तिन्ही बंद करून जातात. फोनची वायरच काढतात. "बोलणारं कुणी नाही तर जळतोय कशाला?" मी त्यांना दहा वेळा तरी सांगितलं होतं, की काका, नेटवर्कमध्ये असं चालत नाही. एकशे सतरा नंबरचा तो फोन माझ्या यादीत 'बेशिस्त' म्हणून होता.

चारला मी सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला मोबाइलवरून फोन लावला. बासरी ऐकली. मग एका गोड आवाजानं सांगितलं, की लाइन तपासायची असेल तर ज्या फोनला प्रॉब्लेम आहे त्याच फोनवरून कॉल करा. मी म्हणालो, "ताई, तोच तर प्रॉब्लेम आहे." ताईंनी सहानुभूतीनं तिकीट नंबर दिला. तो मी अजून जपून ठेवलाय. बारा आकडी आहे.

साडेचारला इंजिनिअर आला. पंचविशीचा पोरगा, पाठीवर सॅक, हेल्मेट काखेत. पाण्याच्या रिकाम्या जारवर बसून त्यानं लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "रजिस्टर होत नाहीयेत का?"

हा 'रजिस्टर' शब्द फोनच्या पडद्यावर आल्यापासून ऑफिसात त्याचे निरनिराळे अर्थ लागले होते. 'नॉट रजिस्टर्ड' वाचून शिपाई मामांनी विचारलं होतं, "म्हणजे चोरीचे आहेत काय?" खरी गोष्ट मस्टरच्या जवळची निघाली. ज्या नियमांवर हे फोन चालतात ते जून २००२ चे. फोननं सर्व्हरकडे जाऊन सही करायची, की मी अमुक नंबर, सध्या अमुक पत्त्यावर. सर्व्हर पहिल्या खेपेला त्याला हटकतोच. ४०१ असा आकडा तोंडावर मारतो, म्हणजे कोण तुम्ही, ओळख पटवा. फोन मुकाट्यानं परत जातो, पासवर्डाचा गुंता करून आणतो, मग सही घेतली जाते. रोजच्या माणसाला रोज हटकायचं, हे आमच्या सोसायटीचा वॉचमनही करतो. पण त्याला ४०१ म्हणता येत नाही.

सहीची मुदत असते. पुष्कळ फोनांत ३६०० सेकंद, म्हणजे एक तास. तास संपायच्या आत पुन्हा सही.

"आणि सही घ्यायला कुणी नसलं तर?" मी विचारलं.

"मग थांबतो. २००९ च्या नियमात तीस सेकंदांपासून सुरुवात आहे, प्रत्येक अपयशाला दुप्पट, कमाल अठराशे."

अठराशे सेकंद म्हणजे अर्धा तास. फोन रुसला तर अर्धा तास तोंड फिरवून बसू शकतो, आणि हे नियमात आहे. शिवाय नेमका किती वेळ थांबायचं, तेही तो मुद्दाम जरा इकडे तिकडे करतो. का, तर अख्ख्या शहराचे लाइट एकदम आले आणि हजारो फोन एकाच क्षणी सहीला धावले, तर सर्व्हर त्या चेंगराचेंगरीत मरतो. इंजिनिअर लोक त्याला हिमकडा कोसळणं म्हणतात. दिवाळीच्या आदल्या रात्री स्वारगेटला गाडी लागताना ज्यानं बघितलीय, त्याला बर्फाची गरज नाही.

त्या पोरानं मला आणखी एक विषारी प्रकार सांगितला. लाइट जात नाहीत, फक्त बाहेर कुणीतरी रस्ता खणतं, फायबर तुटते, जोडली जाते, मध्ये राउटर एकदा बंद-चालू होतो. (पुण्यात रस्ता खणायला हंगाम नसतो, निमित्त लागतं.) फोन तसेच बसलेले, चालू, पडद्यावर हिरवा ठिपका. पण आतला कुठला फोन बाहेरच्या कुठल्या दारानं बोलतो, ही राउटरची वही कोरी झालेली असते. बाहेरून येणारा कॉल दारापर्यंत येतो आणि घर न सापडल्यानं परत जातो. फोनला यातलं काही माहीत नाही. त्याची सही तासाभराची, त्याच्या मते तो कामावर आहे. उचलून नंबर लावला तर लागतोही. फक्त त्याला कुणी बोलवत नाही. मला निवृत्तीनंतर आठ दिवस त्याच वेळेला स्टँडवर जाऊन उभे राहणारे आमचे एक साहेब आठवले. उपाय असा, की सहीची मुदत तासावरून दोन-चार मिनिटांवर आणायची आणि फोनला मधून मधून नुसतं खाकरायला सांगायचं, म्हणजे राउटर त्याला विसरत नाही.

हे सगळं समजून घेत मी काकांची सोडून एकवीसच्या एकवीस वायरी काढून घालत होतो. पत्ते आले. तारीख चालू वर्षाची झाली. सह्या होईनात. सर्व्हर आता हटकतही नव्हता, ४०१ सुद्धा नाही, नुसती शांतता. पोरगा लॅपटॉपकडे बघून भुवया चढवत म्हणाला, "कुणी पासवर्ड टाकून बघितला का?"

मार्केटिंगचा मुलगा हळूच उभा राहिला. मदत करावी म्हणून त्यानं फोनच्या मेनूत शिरून पासवर्ड बदलून बघितला होता. आधी अ‍ॅडमिन. मग एक दोन तीन चार. मग कंपनीचं नाव, मग तेच पहिलं अक्षर मोठं करून. मग, का कोण जाणे, स्वतःचं लाडकं नाव. पाच झाले. पलीकडच्या सर्व्हरवर असल्या चाचपडणाऱ्यांना रोखणारा प्रोग्रॅम बसवलेला असतो. चुका पाच झाल्या की तो त्या पत्त्याला वाळीत टाकतो. आणि बाहेरच्या जगाला आमचे बावीस फोन म्हणजे एकच पत्ता. एकानं कैरी पाडली, सगळ्या वाड्याला मार.

"दहा मिनिटांची बंदी असते सहसा. ती संपेपर्यंत कुणी हात लावू नका," पोरगा म्हणाला. पण बंदी संपली तरी फोन कुठे लगेच येणार होते? प्रत्येक जण आपापला रुसवा मोजत बसलेला. आम्ही रांगेनं बसून एकवीस पडद्यांकडे बघत राहिलो. ऑफिसात इतकी शांतता मी ऑडिटलाही पाहिलेली नाही.

पाच दहाला फोन वाजला.

सगळे ताडकन उठले. आवाज अकाउंट्समधून येत होता. काका रेनकोट खुंटीला लावत होते. बँकेतून आले होते, पंखा लावला होता, ट्यूब लावली होती आणि सवयीनं फोनची वायर घातली होती. तोवर फायरवॉल जागी होती, घड्याळ आलं होतं, बंदी उठली होती. एकशे सतराला पत्ता पहिल्याच हाकेला मिळाला, ४०१ झाला, सही झाली. पोरानं लॅपटॉपवर बघितलं आणि काकांकडे आदरानं पाहत म्हणाला, "सगळं जागं झाल्यावर फोन लावला ना, म्हणून आला."

"मी काय वेगळं सांगतो रोज?" काका म्हणाले.

पुढचा अर्धा तास ऑफिसात एकच फोन होता. मॅडमनी मोबाइलवरून सगळ्या ग्राहकांना कळवलं: एकशे सतराला लावा, निरोप मिळेल. काकांनी खणातून एक लांबोडी वही काढली, पट्टीनं रकाने आखले: वेळ, कोणाचा, कोणाकडून, मिनिटं. मार्केटिंगच्या मुलाचा कॉल आला तेव्हा काकांनी रिसीव्हर टेबलावर ठेवून दोन्ही हातांचा कर्णा करून हाक मारली आणि तो मधल्या खुर्च्या ओलांडत धावला. इतका धावताना मी त्याला पगाराच्या दिवशीही पाहिलेलं नाही. बाकीचे काम थांबवून ऐकत होते. एचआरच्या बाईंनी तर खुर्ची वळवूनच घेतली.

साडेपाचच्या सुमाराला नाशिकच्या मोठ्या ग्राहकाचा फोन आला. "साहेब, तुमचा!" काका ओरडले. साहेब केबिनमधून जवळजवळ पळत आले. काकांच्या टेबलाशी उभे राहिले, एका कानात बोट घातलं, भिंतीकडे तोंड केलं आणि वाड्यात बोलायचे तसे मोठ्यानं बोलू लागले. मागे मॅडमच्या टेबलावरचा फोन एकदा टुंग करून हिरवा झाला. मग मार्केटिंगचा. कुणी वळून बघितलं नाही.

सहा मिनिटांनी साहेबांनी रिसीव्हर ठेवला, काकांना मान तुकवली आणि काही विचार न करता पँटच्या खिशात हात घालून दोन रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं.

काकांनी ते उचलून खणात टाकलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: जमा.